दारातली वाटी

२००९ सालचा ऑगस्ट. पुण्यात स्वाइन फ्लूची धास्ती घराघरांत शिरली होती. ३ तारखेला चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली; या साथीतला देशातला तो पहिला मृत्यू. मग शाळा बंद झाल्या, सिनेमागृहं बंद झाली, लक्ष्मी रस्त्यावर जो तो तोंडाला मास्क नाहीतर रुमाल बांधून हिंडू लागला. नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. घशातले नमुने राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्या एनआयव्हीत, तपासायला जाऊ लागले. त्याच दिवसांत कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्यात बारा वर्षांचा एक मुलगा तापाने फणफणला. ही गोष्ट त्या मुलाच्या अंगात घडते.

बोधकथेत कोल्हा बोलतो, कावळा बोलतो. इथे पेशी बोलतील. तेवढी सूट वाचकांनी द्यावी. बाकी या पेशी जे जे करतात ते आपल्या सगळ्यांच्या अंगात खरोखर तसंच घडत असतं.

शरीर हे एक अफाट मोठं गाव आणि पेशी म्हणजे त्यातलं एकेक घर, असं समजू या. या गावाचा एक कायदा आहे. घरात जे जे शिजेल त्यातला एकेक घास वाटीत घालून दाराबाहेर ठेवायचा. पेशीच्या आत जी प्रथिनं तयार होतात, त्यांचे बारीक तुकडे तिच्या पृष्ठभागावर असे सतत मांडलेले असतात. तुकडा केवढा, तर आठ-दहा दाण्यांचा. एकेक दाणा म्हणजे एकेक अमिनो आम्ल. लाल रक्तपेशी आणि आणखी थोड्या पेशी सोडल्या, तर गावातलं जवळपास प्रत्येक घर हा कायदा पाळतं. घर सुखरूप असेल तर वाटीत घरचंच अन्न दिसतं. विषाणूने आत शिरून चुलीचा ताबा घेतला असेल, तर त्याने शिजवलेलंही वाटीत येतं. त्यामुळे पहाऱ्यावरच्या पेशीला घराचं दार फोडावं लागत नाही. आत काय चाललंय हे तिला उंबऱ्याबाहेर उभं राहून कळतं.

या पहारेकरणींना मारक टी-पेशी म्हणतात. त्यांची शाळा छातीच्या मधल्या हाडामागे असते, थायमस ग्रंथीत. लहान मुलांमध्ये ही शाळा भरभराटीला असते. वय वाढतं तशी ती आक्रसत जाते. शाळेत परीक्षा दोन. पहिली, घरची वाटी ओळखता येते का? जिला ती ओळखताच येत नाही ती तिथेच संपते. दुसरी, घरचं अन्न पाहून हात शस्त्राकडे जातो का? जिचा जातो तीही संपते. आत गेलेल्या शंभरांतल्या पंचाण्णवांहून जास्त जणी बाहेर पडत नाहीत. शरीर इतकं उधळं का, असं आधी वाटतं. पण ज्यांच्या हाती जीव घ्यायचं काम द्यायचं, त्यांची निवड इतकी कठोर असावी यात काही चूक नाही.

त्या मुलाच्या अंगात या शाळेतून नुकतीच पास होऊन आलेली एक कोवळी पेशी होती. फुप्फुसाजवळच्या एका लसिका ग्रंथीत ती बसली होती. प्रत्येक टी-पेशी जन्मतः एकाच प्रकारचा परका घास ओळखते. तिचा घास कुठला हे तिला ठाऊक नसतं. बहुतेकींना तो आयुष्यभर भेटतच नाही.

ताप चढला त्याच्या आगेमागे फुप्फुसातून वर्दी देणारी एक पेशी धावत आली. तिला डेंड्रायटिक पेशी म्हणतात. तिच्या वाटीत विषाणूचा घास होता. ती एकेकीला दाखवत चालली. ही नाही, ती नाही, पुढची नाही. कोवळीपाशी आली आणि कोवळी शहारली.

“हाच! माझा हाच!”

“नीट बघ,” वर्दीवाली म्हणाली. “नुसता घास ओळखून भागत नाही. मी दुसरी खूण देईन तेव्हाच निघायचं.”

ही दुसरी खूण महत्त्वाची. खरोखरच संकट आहे, अशी खात्री पटलेली वर्दीवालीच ती देते. ती मिळाली नाही, तर घास ओळखूनही टी-पेशी थंड पडते. इथे ती मिळाली. कोवळी दुणावू लागली. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असं करत पाच-सहा दिवसांत तिच्यासारख्या हजारो झाल्या. प्रत्येकीच्या पोटात शस्त्रांच्या पुड्या भरल्या गेल्या.

ग्रंथीच्या वेशीवर एक म्हातारी टी-पेशी होती. मुलगा तिसरीत असताना त्याला साधा फ्लू झाला होता, त्या वेळच्या फौजेतली ती. लढाई संपल्यावर अशा थोड्याच जणी मागे राहतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात.

“कुठे निघालीस गं?” तिने विचारलं.

“फुप्फुसात, आजी. रोग शिरलाय तिथे.”

“मग काय करशील?”

“ती गल्लीच साफ करीन. एक घर सुटायला नको. आज ज्याच्या वाटीत काही नाही त्याच्या घरात उद्या असेल. कशाला वाट बघायची?”

म्हातारी काही बोलली नाही. तिला बोलू देण्याआधी मीच थोडं थांबतो, कारण कोवळीने जे म्हटलं ते पुण्याने एकदा भोगलेलं आहे.

मुलाच्या उशाशी त्याची आजी बसली होती. कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी, हातात थर्मामीटर. तिला स्वतःला काही झालं नाही, आणि ते निव्वळ नशीब नव्हतं. १९५७च्या आधी ज्यांचं बालपण गेलं, त्यांच्यातल्या अनेकांच्या शरीराने या विषाणूच्या जुन्या भाईबंदांना पाहिलेलं होतं, म्हणून २००९च्या साथीत म्हाताऱ्या माणसांना लागण कमी झाली. महापालिकेची माणसं दारात आली, पत्ता लिहून घेतला, टॅमीफ्लूच्या गोळ्या दिल्या, मुलाला वेगळ्या खोलीत ठेवा म्हणाली आणि गेली. तेव्हा आजीला तिच्या आजेसासूबाईंची आठवण झाली. त्यांनी १८९७चा प्लेग पाहिला होता.

त्या वर्षी वॉल्टर चार्ल्स रँड पुण्याच्या प्लेग कमिटीचा प्रमुख होता. मार्चमध्ये गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरं तपासू लागल्या. आजेसासूबाई सांगत, बूट घातलेला शिपाई आधी माजघरात आणि मग देवघरात शिरला. कोण आजारी, कोण धडधाकट, हे कुणी विचारलं नाही. बायकांना अंगणात उभं करून काखा-जांघा तपासल्या, अंथरुणं-पांघरुणं रस्त्यावर आणून पेटवली, कुठे जमिनी उकरल्या. आजाऱ्याला वेगळं ठेवायला हवं, हे टिळकही नाकारत नव्हते. त्यांनी ‘केसरी’तून टीका केली ती या रीतीवर. ज्या घरात रोग नव्हता त्या घरालाही रोगी घरासारखीच वागणूक मिळाली, आणि लोक आपली आजारी माणसं लपवू लागले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ३ जुलैला तो मेला. प्लेग मात्र गेला नाही. तो उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं ते पुढच्या वर्षी, १८९८ साली. तोवर पुण्यात गाद्या जळत होत्या आणि उंदीर बिळात सुखरूप होते.

१८९७ सालीच, त्याच शहराच्या कडेला, सावित्रीबाई फुले मुंढव्याहून प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात गेल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या वारल्या. कोण आजारी आहे हे त्यांनी जवळ जाऊन पाहिलं होतं. रँडच्या शिपायांना ते पाहायचंच नव्हतं.

आता म्हातारी पेशी काय म्हणाली ते ऐका.

“पोरी, तुला शाळेत काय शिकवलं?”

“मारायला.”

“मारायला नाही शिकवलं. ते तर उपजतच येतं. शाळेत ओळखायला शिकवलं. आपलं कोणतं हे ज्याला ओळखता येत नाही, त्याने शस्त्राला हात लावू नये. तू आता जाशील तेव्हा दर दाराशी थांब. वाटी बघ. संशय आला म्हणून घर पाडू नकोस. शेजारी आजारी आहे म्हणून घर पाडू नकोस. वाटीत तुझा घास दिसला, तरच.”

“आणि वाटीत माझा घास दिसला, पण घर ओळखीचं असलं तर?”

“घर ओळखीचंच असणार. आपलंच गाव आहे हे.”

म्हातारीचं हे बोलणं विज्ञानालाही उशिराच कळलं. १९७३-७४च्या सुमाराला ऑस्ट्रेलियात, कॅनबेरा इथे, पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल या दोघांनी उंदरांवर प्रयोग केले. एका उंदराच्या मारक पेशी त्यांनी दुसऱ्या वाणाच्या, त्याच विषाणूने ग्रासलेल्या पेशींसमोर ठेवल्या, तर त्या मारेनात. आपल्याच वाणाच्या पेशी पुढे ठेवल्या की लगेच मारायच्या. परका घास आपल्या घरच्या वाटीत असेल तरच टी-पेशीला तो दिसतो, असा त्याचा अर्थ. ‘आपलं’ आणि ‘परकं’ ती एकाच वेळी, एकाच नजरेत वाचते. १९९६ साली दोघांना नोबेल मिळालं.

कोवळी फुप्फुसात पोचली. श्वासनळीच्या आतल्या अस्तरातली घरं खेटून उभी असतात, भिंतीला भिंत लागून. गल्लीत गलका होता. लागण झालेली घरं इंटरफेरॉन नावाचा इशारा शेजारपाजारी धाडत होती, आणि तो मिळालेली घरं चुली मंद करून दारात आणखी वाट्या मांडत होती. तपासणीला घाबरून कुणी कडी लावली नव्हती.

ती पहिल्या दाराशी थांबली. वाटीत घरचंच. पुढे गेली. घरचंच. तिसऱ्या दाराशी विषाणूचं काही होतं, पण तिचा घास नव्हता. ते घर दुसऱ्या कुणीतरी ओळखायचं होतं. ती मुकाट्याने पुढे सरली. अशी कितीतरी दारं झाली. मग एका दाराशी ती अडखळली. वाटीतले नऊ दाणे तिने वाचले. पुन्हा वाचले. तिचाच घास.

घर अजून जिवंत होतं. पण आत विषाणूच्या प्रतींमागून प्रती तयार होत होत्या. थोड्या वेळात हजारो बाहेर पडल्या असत्या.

“मी तुमच्यातलीच आहे ना?” घराने विचारलं.

“आमच्यातलीच,” कोवळी म्हणाली. “म्हणून तर वाटी बाहेर ठेवलीस.”

मला या गोष्टीत हीच जागा सगळ्यात मोठी वाटते. आपल्याच अंताची वर्दी ते घर स्वतः देतं. वाटी आत ओढून घेतली तर त्याला आणखी काही तास मिळतील, आणि शेजारच्या घरांना विषाणू मिळेल. मारणारीच्या नेमकेपणाइतकाच मरणारीचा हा प्रामाणिकपणा त्या मुलाला वाचवत होता.

कोवळी दाराला घट्ट चिकटली. दोघींच्या मधली जागा तिने कडेने बंद केली, म्हणजे शस्त्र शेजारी सांडायला नको. पोटातल्या पुड्या सरकत सरकत नेमक्या त्या बाजूला आल्या आणि तिथेच उघडल्या. त्यातल्या पर्फोरिनने घराच्या भिंतीला छिद्रं पाडली. त्यातून ग्रॅन्झाइम आत गेलं. ग्रॅन्झाइम घर उडवत नाही. घराच्या आतच मोडून पडण्याची एक व्यवस्था आधीपासून असते, तिला ते जागं करतं. मग घराने स्वतःच आपली चूल विझवली, आपल्या गुणसूत्रांचे तुकडे केले, आणि आकसून त्याची लहान लहान गाठोडी झाली. भिंत फुटून आतला मसाला गल्लीत सांडला नाही. भक्षक पेशी आल्या आणि त्यांनी गाठोडी उचलून गिळली. कोवळीचं काम काही मिनिटांचं, घराला विरायला त्यापुढे काही तास. शेजारच्या घराच्या भिंतीला ओरखडाही नव्हता.

ती पुढच्या दाराकडे वळली.

गल्लीच्या टोकाला एक घर होतं, त्याच्या दारात वाटीच नव्हती. कोवळी गोंधळली. वाचायला काही नाही, म्हणजे तिच्या दृष्टीने दोषही नाही. ती निघणार तोच एक धिप्पाड पहारेकरीण तिथे आली. ती थायमसच्या शाळेत कधी गेलेली नव्हती. तिला घास वाचता येत नाहीत. ती एवढंच बघते, की वाटी आहे का, आणि घर संकटात असल्याच्या खुणा दारावर दिसतात का. वाटी असली की तिचा हात मागे राहतो. इथे वाटी नाही आणि खुणा मात्र आहेत, हे पाहून तिने कोवळीसारखंच पर्फोरिन, कोवळीसारखंच ग्रॅन्झाइम काढलं आणि घर उतरवलं.

“या घराने वाटी का लपवली?” कोवळीने विचारलं.

“काही विषाणू घराला लपवायला लावतात. कधी घर आपणच बिघडतं, कुणाचं ऐकेनासं होतं, वाढतच सुटतं, आणि पकडलं जाऊ नये म्हणून वाटी काढून घेतं. तुझ्या हातून सुटतात ते मी बघते.”

ही नैसर्गिक मारक पेशी. वाटी नसणं हाच पुरावा, ही तिची रीत स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या क्लास शेर्रे यांनी १९८६च्या सुमाराला उलगडली. बिघडलेलं घर म्हणजे कॅन्सरची पेशी. आपल्या अंगात अशा पेशी अधूनमधून उगवतात आणि त्यांतल्या कितीतरी या दोघींच्या पहाऱ्यात संपतात. ज्या उरतात त्या फार हुशार असतात. काही जणी दाराशी आलेल्या टी-पेशीला ‘थांब’ म्हणून हात दाखवतात, आणि टी-पेशी थांबते, कारण थांबायची खूण तिला शिकवलेलीच असते. ती खूण झाकणारी औषधं ज्यांच्या शोधातून निघाली, त्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं. इकडे मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलने रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना रक्ताच्या काही कॅन्सरची खूण वाचायला शिकवून परत अंगात सोडण्याचा उपचार उभा केला. २०२३ साली त्याला परवानगी मिळाली. जुन्या केमोथेरपीत वाढणारी सगळीच घरं होरपळतात, केस गळतात, तोंड येतं. हा नवा उपचार आधी वाचतो. तोही निर्धोक नाही. खवळलेल्या पेशींना आवरायला डॉक्टरांना उशाशी बसावं लागतं.

कारण पेशींनाही रँड व्हायला वेळ लागत नाही. २००९च्या साथीत धडधाकट तरुण माणसं अतिदक्षता विभागात गेली, त्यांतल्या काहींची फुप्फुसं विषाणूइतकीच स्वतःच्या फौजेच्या आवेगाने पाण्याने भरली होती. इशाऱ्यांवर इशारे सुटत गेले, फौजांवर फौजा आल्या, आणि श्वास घ्यायला जागाच उरली नाही. काही जणांच्या अंगात तर साथ नसतानाही पहारेकरणी घरचंच अन्न परकं समजतात. लहान मुलांना होणाऱ्या मधुमेहात, ज्याला टाइप १ म्हणतात, त्या स्वादुपिंडातली इन्शुलिन करणारी घरं एकेक करून पाडतात. ते मूल जन्मभर सुई टोचून घेतं. म्हणून शरीराने पहारेकरणींवरही पहारा ठेवलाय. नियामक टी-पेशी नावाच्या काही जणी गल्लीतून फिरतात आणि ‘आता पुरे’ म्हणतात. त्यांच्यावरच्या कामाला २०२५ साली नोबेल मिळालं.

त्या मुलाच्या फुप्फुसात आठव्या-नवव्या दिवशी अशीच एक जण कोवळीपाशी आली.

“पुरे.”

“पण मी अजून लढू शकते.”

“वाट्या बघ.”

कोवळीने गल्लीभर पाहिलं. दारोदार घरचंच अन्न होतं. तिच्या अंगात अजून शस्त्रांच्या पुड्या होत्या, तिच्यासारख्या हजारो बहिणी सज्ज उभ्या होत्या. एवढी फौज आता गावालाच जड होणार होती. त्यांनी एकेक करून स्वतःला विरवलं, ज्या रीतीने त्यांनी आजारी घरं विरवली होती त्याच रीतीने. शंभरातल्या नव्वदांहून जास्त जणी अशा गेल्या. कुणी ढकललं नाही. थोड्या मागे ठेवल्या गेल्या, त्यांत कोवळी होती. काही बहिणी ग्रंथीत परतल्या. ती फुप्फुसाच्या अस्तरातच राहिली, दारांच्या अगदी जवळ.

अशा मागे राहिलेल्या पेशींची किंमत त्याच साथीत लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी मोजली. साथ सुरू असतानाच, पण लागण होण्याआधी, त्यांनी तिथल्या धडधाकट कर्मचाऱ्यांचं आणि विद्यार्थ्यांचं रक्त घेऊन ठेवलं होतं. ज्यांच्या रक्तात जुन्या फ्लूपासून उरलेल्या, विषाणूच्या आतली प्रथिनं ओळखणाऱ्या मारक टी-पेशी जास्त होत्या, त्यांना नवा फ्लू झाला तरी हलका झाला. विषाणू बाहेरचा अंगरखा दर वर्षी बदलतो, आतलं सामान फारसं बदलत नाही, आणि वाटीत येतं ते आतलं.

मुलाचा ताप उतरला. खोकला राहिला आणि जिना चढताना दम लागत राहिला, कारण पाडलेल्या घरांच्या जागी नवी घरं उभी राहायला वेळ लागतो. २३ ऑगस्टला गणपती बसले. कसबा गणपतीच्या मांडवात ढोल वाजू लागले तेव्हा तो अंथरुणातून उठला, टोपी घातली आणि पायऱ्यांवर जाऊन बसला. ढोल मात्र त्याला त्या वर्षी आजीने वाजवू दिला नाही. मास्क लावून, मांडवाच्या बाहेरूनच दर्शन घ्यायचं आणि परत यायचं, एवढं तिने कबूल केलं आणि ती स्वतः त्याच्याबरोबर गेली.